पावडर की लिक्विड? आधी पाणी सांगा

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला लोक मशीनबद्दल फारसं विचारत नाहीत. पंप बदलला, बेल्ट चढवला, ट्रायल घेऊन दाखवली, की दारापर्यंत सोडायला आलेल्या काकू हमखास विचारतात, "दादा, पावडर चांगली की लिक्विड?" पुण्यात हे काम करता करता माझे केस पिकले. सेमीच्या जागी टॉप लोड आली, मग फ्रंट लोड आली, मग इन्व्हर्टरची मोटर. हा प्रश्न काही बदलला नाही आणि माझं उत्तरही नाही. मी उलट विचारतो, "तुमच्याकडे पाणी कुठलं येतं?"

काहींना वाटतं, मी उत्तर टाळतोय. त्यांना एखाद्या ब्रँडचं नाव हवं असतं. पण मी त्यांच्या मशीनचा टब उघडून पाहिलेला असतो. त्या घरात पाणी कसलं येतं आणि साबण किती ओतला जातो, हे टबाच्या मागच्या बाजूला स्पष्ट दिसतं. ते पाहिल्यावर नुसतं ब्रँडचं नाव सांगणं मला पटत नाही.

पुण्याचंच घ्या. पेठांत, कोथरूड-कर्वेनगरात नळाला येतं ते खडकवासला साखळीतलं पाणी: पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला. सह्याद्रीत पडलेला पाऊस ओढ्या-नद्यांनी धरणात उतरतो, जमिनीत फार मुरत नाही, म्हणून त्यात क्षार कमी. पिंपरी-चिंचवडला पवनेचं पाणी, तेही मऊच. उलट वाघोली, उंड्री, पिसोळी अशा वाढत्या भागांत कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर दिवस काढतात. बोअरचं पाणी कातळाच्या भेगांत मुरत मुरत साठलेलं असतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलत येतं. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. घरात त्याला 'जड पाणी' किंवा नुसतं 'बोअरचं पाणी' म्हणतात. टँकरचं तर काही सांगताच येत नाही. आज एका विहिरीवर भरला, उद्या दुसऱ्या. त्यामुळे एकाच घरात जानेवारीत बरोबर असलेलं साबणाचं माप एप्रिलमध्ये चुकतं.

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे आयएस १०५०० हे मानक आहे. त्यानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. ही मर्यादा पिण्याची आहे. कपड्यांना आणि मशीनला ४००-५०० चं पाणीसुद्धा भारी पडतं. पाणी चवीला बरं लागलं म्हणून धुण्यालाही बरं, असं धरून चालू नका.

एक कुटुंब कोथरूडहून वाघोलीच्या पुढे राहायला गेलं. मशीन तेच, पावडर तीच, धुणारी माणसंही तीच. तक्रार अशी की मशीनमध्ये दम राहिला नाही: टॉवेल वाळले की पापडासारखे कडक होतात, पांढरे शर्ट करडे दिसतात, आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की संपता संपत नाही. मी खालची पट्टी काढून हीटर बाहेर ओढला. नवा हीटर चकचकीत स्टीलचा, बोटापेक्षा बारीक असतो. हा अंगठ्यापेक्षा जाड झाला होता. वर पिवळसर पांढऱ्या क्षारांचा थर, त्यात कपड्यांचे धागे अडकलेले. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकला तशा खपल्या फरशीवर पडल्या. असा थर चढला की हीटरची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, हीटर आतल्या आत तापतो आणि शेवटी जळतो. त्या घरातल्या काकूंनी खपली हातात घेऊन चोळून पाहिली आणि विचारलं, "हे आमच्या कपड्यांवर पण बसतं का?" बसतं. टॉवेल कडक होतो तो त्यानंच.

हे समजायला साबणाच्या पुड्यात काय असतं ते थोडं पाहावं लागतं. मळ काढणारा मुख्य घटक पावडरीत आणि लिक्विडमध्ये जवळपास एकाच घराण्यातला. कॅल्शियम-मॅग्नेशियम या घटकाच्या आड येतात आणि त्याची ताकद खातात. म्हणून पावडरीत पाणी मऊ करणारा मालही घालतात. स्वस्त पावडरीत हे काम धुण्याचा सोडा करतो. तो पाण्यातलं कॅल्शियम पकडतो खरा, पण त्याची चुनखडी करून खाली बसवतो, आणि ती बसते कपड्यांच्या धाग्यांत, टबाला, हीटरला. चांगल्या पावडरीत सोड्याच्या जोडीला झिओलाइट किंवा तसेच दुसरे घटक असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि घाण पाण्याबरोबर बाहेर नेतात. शिवाय स्वस्त पावडरीत सोडियम सल्फेट बरंच असतं. त्याचा धुण्याला फार उपयोग नाही, वजन आणि आकारमान मात्र भरतं. त्या कुटुंबाला मी पावडर सोडायला सांगितलं नाही. सोड्याची पावडर सोडून मशीनसाठी बनवलेली चांगली पावडर घ्या, एवढंच सांगितलं, आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी क्षार काढायला.

क्षार काढायचे तर मशीन रिकामं ठेवून, सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, ड्रममध्ये टाकून ६० अंशांचा प्रोग्रॅम चालवावा. कंपनीची डिस्केलिंग पावडर वापरली तरी चालेल, तिच्यातही बहुधा हेच असतं. एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घरी दोनदा सांगतो: लिंबूसत्त्व आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू निघतो. ज्या घरात बाथरूमचा दरवाजा बंद करून धुणं चाललेलं असतं, तिथे हे जिवावर बेतू शकतं.

मग लिक्विड का आलं? कारण त्याचेही खरे गुण आहेत. लिक्विड आधीच विरघळलेलं असतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बोटं बधिर करतं. त्या पाण्यात पावडर नीट विरघळत नाही. वर ताईंनी पंधरा मिनिटांचा क्विक वॉश लावलेला, ड्रम गच्च भरलेला. मग काळ्या जीन्सवर, गडद कुर्त्याच्या शिवणीत पांढरे पट्टे राहतात. लोक म्हणतात मशीन नीट खंगाळत नाही. मशीन बिचारं खंगाळतं, पावडरच विरघळलेली नसते. अशा ठिकाणी मी बिनदिक्कत लिक्विड सांगतो. शर्टाची कॉलर, उशीचे अभ्रे, तेलाचे, तुपाचे डाग, यांवरही लिक्विड चांगलं चालतं. डागावर थेट थेंबभर चोळून दहा मिनिटं ठेवता येतं. गडद रंगाचे कपडे लिक्विडमध्ये जास्त टिकतात. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा दगड होतो. तिथे लिक्विडची ही सोय लहान नाही.

पण लिक्विडमध्ये एक गोष्ट बसवता येत नाही. चांगल्या पावडरीत ऑक्सिजनचं ब्लीच असतं, सोडियम परकार्बोनेट. ते कोरडं असेपर्यंत शांत राहतं आणि पाण्यात पडलं, विशेषतः कोमट पाण्यात, की कामाला लागतं. लिक्विडमध्ये ते बाटलीतच संपून जाईल. म्हणून चहाचे, फळांच्या रसाचे डाग, पांढऱ्या सुती बनियनचा पिवळेपणा, यांना लिक्विड पुरं पडत नाही. मुलांच्या शाळेच्या मोज्यांना, शेतातून आलेल्या कपड्यांना, कोकणातल्या तांबड्या मातीला पावडरच बरी. मातीचे कण सुटायला पावडरीचा अल्कलीपणा आणि थोडं भिजत घालणं, दोन्ही लागतं.

ऑक्सिजनचं ब्लीच नसण्याचा दुसरा परिणाम मशीनच्या आत दिसतो आणि मला तो फार वेळा पाहावा लागतो. फ्रंट लोडचं दार उघडल्यावर जी करडी रबरी कड असते, तिला आम्ही गॅस्केट म्हणतो. घरात कायम लिक्विड, वर सुवासाचं सॉफ्टनर, कायम थंड पाणी आणि धुणं संपल्या संपल्या दार बंद करायची सवय असेल, तर ती कड दोन बोटांनी उलटवून पाहा. खालच्या घडीत काळे ठिपके असतात आणि त्यावर गुळगुळीत, बुळबुळीत थर. बोट फिरवलं तर बोटाला चिकटतो. बाहेरून सुवास आणि आतून कुबट वास, असे कपडे घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि सॉफ्टनर आणखी वाढवू का विचारतात. वाढवू नका. सॉफ्टनर कपड्याच्या धाग्यावर बसून राहावं म्हणूनच बनवलेलं असतं. टॉवेल त्यानं मऊ लागतो पण पाणी कमी शोषतो, आणि उरलेलं टबाला चिकटतं. लिक्विड वापरणाऱ्या घरानं आठवड्यातून एक तरी धुणं पावडरीनं, ६० अंशांवर करावं. चादरी आणि टॉवेल त्यासाठीच राखून ठेवावेत. धुणं झालं की गॅस्केट कोरड्या फडक्यानं पुसावं, दार आणि साबणाचा कप्पा दोन्ही किलकिले ठेवावेत. घरात लहान मूल असेल तर दाराकडे लक्षही ठेवावं.

कप्प्याचं पण सांगतो. फ्रंट लोडच्या ड्रॉवरमध्ये तीन खाने असतात: एक प्रीवॉशचा, एक मुख्य धुण्याचा, आणि फुलाचं चिन्ह असलेला सॉफ्टनरचा. मुख्य खान्यात लिक्विड घालायचं असेल तर पुष्कळ मशीनबरोबर प्लॅस्टिकची छोटी आडपट्टी येते. ती पहिल्याच दिवशी पिशवीसकट माळ्यावर जाते. पट्टी नसली की लिक्विड ओतल्या क्षणीच टबात उतरतं. लगेच धुणं सुरू केलं तर फारसं बिघडत नाही, पण प्रीवॉश लावला किंवा पहाटेचा टायमर लावून झोपलात, तर ते वायाच जातं. टायमर लावणाऱ्यांना पावडर सोयीची.

डाग म्हटलं की मराठी घरात हळद आलीच. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो आणि घरात घबराट उडते. सोड्याच्या, साबणाच्या अल्कलीनं हळदीतलं कर्क्युमिन लाल होतं. खंगाळल्यावर पुन्हा पिवळं पडतं. कपड्याचं त्यात काही बिघडत नाही. पारंपरिक कुंकवाचा लाल रंग हळद आणि चुन्याचाच, तोही याच कारणानं. हळदीला खरा उतारा उन्हाचा. धुऊन ओला कपडा कडक उन्हात टाकावा, दोन-तीन दुपारींत डाग फिकट होत जातो. इथे पावडर-लिक्विड वाद घालू नये; दोन्हींपेक्षा ऊन जास्त काम करतं. फ्लॅटच्या बंदिस्त ड्राय बाल्कनीत हळदीचे डाग का जात नाहीत, याचंही उत्तर त्यातच आहे.

आणि पैठणी, रेशमी उपरणं, लोकरीचा स्वेटर, हे दोन्हींपासून दूर ठेवा. हल्लीच्या पुष्कळ पावडरींत आणि लिक्विडमध्ये प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं. घामाचे, रक्ताचे, दुधाचे डाग त्यानंच निघतात. पण रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रोटीनचीच बनलेली, त्यामुळे ते एन्झाइम धाग्यावरही हात टाकतं. अशा कपड्यांना लोकर-रेशमासाठीचं वेगळं सौम्य लिक्विड किंवा आजीचा रिठा. जरीची साडी मात्र घरी धुऊच नये, असं माझं मत आहे.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो मापाचा. पावडर घ्या की लिक्विड घ्या, बहुतेक घरांत ते गरजेपेक्षा जास्त पडतं. याला कारण आपली फेसावरची श्रद्धा. १९५९ साली सर्फ आलं, १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केलं, आणि वडीच्या जागी बादलीभर फेस घराघरांत आला. बादलीत हात घालून फेस पाहून माप ठरवायची सवय तेव्हा लागली. हाताच्या धुण्यात ती बरोबरही होती, कारण फेस विरला की मळ जास्त आहे हे कळायचं. फ्रंट लोडमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात आणि त्या आपटण्यानं धुतले जातात. फेस फार झाला की आपटणं मऊ होतं आणि मळ तसाच राहतो. मशीन फेस ओळखून थांबतं, पुन्हा पाणी घेतं, प्रोग्रॅम लांबतो, पाणी आणि वीज दोन्ही वाया. म्हणून फ्रंट लोडला फ्रंट लोडचीच, कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड वापरायचं. बादलीच्या धुण्याची पावडर त्यात टाकू नये, मग ती कितीही स्वस्त मिळो.

जास्तीचा साबण जातो कुठे, तेही पाहिलेलं सांगतो. फ्रंट लोडच्या ड्रमच्या मागे ॲल्युमिनियमचे तीन हात असतात; ड्रमचं सगळं वजन ते पेलतात. आम्ही त्याला स्पायडर म्हणतो. त्याच्या खाचांत साबणाचा, सॉफ्टनरचा, मळाचा लगदा साचतो आणि सुकत नाही. अल्कली ॲल्युमिनियमला खाते. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस स्पिनमध्ये मोठा आवाज होतो, एक हात तुटलेला असतो आणि ड्रम टबाला घासून गेलेला. हात लावला तर ॲल्युमिनियम पांढऱ्या भुग्यात सुटतं. आता पुष्कळ मशीनचे टब कारखान्यातच जोडून बंद केलेले येतात, त्यामुळे स्पायडरपुरतं काम करता येत नाही, सबंध टब घ्यावा लागतो. त्याचा खर्च ऐकून लोक नवीन मशीन घेतात. एरवी चांगलं चाललेलं मशीन भंगारात जातं, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

पैशाचा हिशोब लोक किलो आणि लिटरवर करतात. तो एका धुण्यामागे करावा. पाकिटावर एका धुण्याला किती घ्यायचं ते दिलेलं असतं, त्यावरून पाकिटात किती धुणी निघतात ते काढून किमतीला भागायचं. लिक्विडचं झाकण हे माप म्हणून दिलेलं असतं, पण झाकणाच्या आतली रेघ कुणी पाहत नाही. झाकण काठोकाठ भरून ओतलं जातं. पाणी मऊ असेल, कपडे ऑफिसचे, फारसे मळलेले नसतील, तर छापलेल्या मापापेक्षाही कमी पुरतं. जड पाण्यात मात्र लिक्विड जास्त लागतं, कारण त्यात पाणी मऊ करणारे घटक पावडरीपेक्षा कमी असतात. तिथे त्याचा खर्चही वाढतो.

ज्यांच्याबद्दल या सगळ्या चर्चेत कुणी बोलत नाही, त्या म्हणजे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. मशीन असलेल्या घरांतही कॉलरी घासणं, पायपुसणी, मोजे, पडदे हातानंच होतात. दिवसभरात चार-पाच घरांची धुणी. स्वस्त पावडरीचा अल्कलीपणा जास्त असतो आणि तो मळाबरोबर कातडीतलं तेलही काढतो. मी एका घरी मशीन उघडून बसलो असताना शेजारी मावशी कपडे घासत होत्या. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडेला कातडी सोललेली, आणि त्याच हातांनी त्या सोड्याच्या पाण्यातून चादरी पिळत होत्या. हातानं धुवायचं असेल तिथे सौम्य लिक्विड आणा, किंवा निदान रबरी हातमोजे द्या. घरातल्या पावडरीचा भाव ठरवताना त्या हातांचाही विचार झाला पाहिजे. या बाबतीत मी पावडरीच्या बाजूनं एक शब्दही बोलणार नाही.

आपल्याकडे पाणी कसलं आहे हे घरीच पाहता येतं. दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत धुण्याचं. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. डिटर्जंट टाकू नका, त्यानं फरक कळत नाही. आरओच्या बाटलीत फेस उभा राहील आणि खाली पाणी बऱ्यापैकी निवळ असेल. दुसरीत फेस बसला, पाणी गढूळ झालं आणि दह्यासारखे कण तरंगू लागले, तर पाणी जड. तूरडाळ शिजायला वेळ लागणं, नळाच्या तोंडावर आणि बादलीच्या कडेला पांढरे डाग, गीझरची कॉइल वरचेवर जाणं, या खुणाही तेच सांगतात. आरओवाले टीडीएसचा आकडा दाखवतात. तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा असतो, कठीणपणाचा आकडा वेगळा मागावा लागतो.

तेव्हा माझा निकाल असा. धरणाचं मऊ पाणी, ऑफिसचे आणि गडद कपडे, थंड पाण्यात छोटे प्रोग्रॅम: लिक्विड, कमी मापानं, आणि आठवड्यातून एकदा गरम पाण्यात पावडर. बोअरचं पाणी, पांढरे सुती कपडे, शाळेचे गणवेश, मातीचा मळ: चांगल्या प्रतीची मशीनची पावडर, आणि क्षार काढायचा वार ठरलेला. दोन्ही घरात ठेवली तर उत्तम; त्यात उधळपट्टी काही नाही.

सोसायटीच्या कमिटीत जे आहेत त्यांना माझी विनंती आहे. बोअरचं आणि टँकरचं पाणी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा ऐन उन्हाळ्यात, प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि कठीणपणाचा आकडा लिफ्टजवळच्या बोर्डावर लावा. तपासणीचा खर्च सगळ्या फ्लॅटांत वाटला तर एका घराला साबणाच्या पुड्याइतकाही पडणार नाही.